नळी का नाही टाकली?

‘एक्सरेत फुप्फुस अर्धं बसलेलं दिसतंय आणि तुम्ही छातीत हवा काढायची नळी न टाकता मुलाला घरी सोडताय?’ ठाण्यात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करताना नातेवाईक हे मला नेहमी विचारतात, बहुतेक वेळा चिडून. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

फुप्फुस असं बसण्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. हे होतं ते बहुधा उंच, शिडशिडीत तरुणांना. फुप्फुसाच्या शेंड्यावरचा बारीकसा फुगा फुटतो आणि हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत शिरते. जिमला दोष देऊ नका. कित्येकांना लोकलमध्ये नुसतं उभं असताना होतं. सिगारेटनं मात्र धोका कैक पटींनी वाढतो. एकाच बाजूला अचानक कळ येते, श्वास घेतला की वाढते. पोरगा धडधाकट, म्हणून ‘गॅस असेल’ म्हणण्यात दोन दिवस जातात. ईसीजी काढतात, छातीचा साधा एक्सरे, ज्यात बहुतेकदा निदान होतं, तो राहून जातो.

पूर्वी एक्सरेवर हवेची रुंदी मोजायची आणि 2 सेंटिमीटरच्या वर गेली की हवा बाहेर काढायची, असा ब्रिटिश शिरस्ता होता. 2020 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 316 रुग्णांचा अभ्यास आला. हवा मध्यम ते बरीच होती, तरी जवळजवळ निम्म्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. त्यातल्या सुमारे 85 टक्क्यांना नळी लागलीच नाही. शरीर हवा आपणहून शोषतं, दिवसाला जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून आठवडे लागतात. आता मी आधी मुलाकडे बघतो, मग फिल्मकडे.

दम लागत असेल तर सुईनं हवा काढणं किंवा आयसीडी, म्हणजे तीच छातीतली नळी, टाळता येत नाही. बीपी उतरू लागलं तर एक्सरेसाठीही थांबायचं नाही. जुन्या टीबीनं फुप्फुस खराब झालेलं असेल, तर घरी पाठवायचा विषयच नाही. आणि पत्ता विचारतो. घरात एकटा, घोडबंदर रोडच्या टोकाला, मध्ये गायमुखचा ट्रॅफिक. अशा मुलाला मी ॲडमिट करतो. हे कुठल्याही गाइडलाइनमध्ये नाही, पण ठाण्यात राहणाऱ्याला पटेल.

साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं. तेव्हा दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार करायचा. विमानप्रवास एक्सरे स्वच्छ आल्यावर आठवड्यानं. तारकर्लीचं स्कूबा मात्र, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर, कायमचं बंद. यावर मुलं जेवढी हुज्जत घालतात, तेवढी सिगारेटवरही घालत नाहीत.