शिक्रा की बेसरा : तिसऱ्या सीझनची अपडेट

शिक्रा आणि बेसरा या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या शिकारी पक्ष्यांसाठी जानेवारीपासून साताऱ्याजवळच्या यवतेश्वर ते कास रस्त्यावर दर रविवारी जातोय, आणि या वेळी सगळ्यात मोठं काम फील्डवर नाही तर घरी लॅपटॉपवर झालं. मागच्या दोन वर्षांतले "बेसरा" म्हणून ठेवलेले फोटो परत उघडले. एकूण 7 नोंदी होत्या, त्यातल्या 5 मी काढून टाकल्या, कारण ती सगळी शिक्र्याची पोरं निघाली.

चूक गळ्यावरच्या पट्टीत होती. बेसऱ्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध जाड काळपट रेघ असते, मोठ्या शिक्र्याची रेघ बारीक आणि पुसट, हे आपण सगळेच पाठ करतो, पण लहान शिक्र्याच्या गळ्यावर पण चांगली ठळक रेघ असते आणि छातीवर तपकिरी थेंब थेंब असतात, त्यामुळे लांबून बघितलं की मन लगेच बेसऱ्याकडे जातं. त्यात कासची झाडी, म्हणजे आधीच वाटत असतं की जंगलात आहे तर बेसराच असणार.

आता मी आधी शेपूट बघतो. बेसऱ्याच्या शेपटीवरचे गडद पट्टे रुंद, मधल्या फिकट भागाएवढेच, आणि शिक्र्याचे बारीक. उडताना खालून पंख दिसला तर अजूनच सोपं, शिक्र्याचा नर खालून जवळजवळ पांढरा, फक्त टोकं काळपट, आणि बेसऱ्याचा पंख सगळा पट्ट्यापट्ट्यांचा. पाठीचा रंग मी शेवटी बघतो, बेसरा गडद पाटीसारखा खरा, पण कासच्या सकाळच्या धुक्यात शिक्रा पण गडदच दिसतो.

आवाजावर तर नोंद करूच नका प्लीज. भृंगराज हा पक्षी शिक्र्याच्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की फेब्रुवारीत मी बामणोलीच्या बाजूला अर्धा तास एका झाडाखाली उभा होतो आणि शेवटी वरून लांब शेपटीची दोन पिसं हलवत तोच बाहेर आला.

शिक्रा शहरात रोज दिसतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला तर एक मादी सरडा धरून वायरवर बसलेली असते, पिवळे डोळे, नराचे मात्र लालभडक. बेसरा दाट झाडीतला, पक्षी मारून खाणारा, उघड्यावर फार कमी बसतो. म्हणून शिक्र्याचे 200 च्या वर फोटो आणि बेसऱ्याचे आता फक्त दोन पक्ष्यांचे, पण ते दोन पक्के आहेत.

आणि हो, 2024 पासून शास्त्रीय वर्गीकरणात दोघंही अ‍ॅक्सिपिटरमधून टॅकिस्पिझा या गटात (जीनसमध्ये) गेलेत, फोल्डरची नावं बदलली नसतील तर बदलून घ्या. त्यांच्यासारखाच दिसणारा युरेशियन स्पॅरोहॉक मात्र अ‍ॅक्सिपिटरमध्येच आहे.

एक फोटो अजून अडकलाय, 9 फेब्रुवारीचा, लहान पक्षी, शेपूट फांदीमागे. त्याला नाव न देता ठेवलंय. कोणी कासला जाणार असाल तर चेहऱ्याच्या क्लोजअपपेक्षा शेपटीचा खालून एक फोटो घ्या, ब्लर असला तरी चालेल.