राखेचा बुधवार

सकाळी मी आणि लेक दोघी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, गेलो. गेल्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावताना फादर म्हणाले, "तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील." दरवर्षी ऐकते, तरी पोटात हलतंच.

घरी येऊन लेक विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली. दहावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. राख कपाळावर तशीच. मध्येच म्हणाली, "मम्मी, पेपरात हे लिहायचं आणि चर्चमध्ये आदाम-हव्वा म्हणायचं?"

तिच्या वयाची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हेच विचारलं होतं. मला गप्प बसवलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रश्न मनातही नीट काढला नाही. आज उपवास, स्वयंपाकाची घाई नव्हती. तिच्याजवळ बसले.

तिला गुणसूत्रांचं, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांचं, सांगितलं. आपल्या २३ जोड्या, चिंपांझी-गोरिलाच्या २४. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे पूर्वजांची दोन, टोकाला टोक जुळून झालेलं एक. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारी खूण त्याच्या आतच सापडते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. केवढ्या लांबच्या वाटेने देवाने मला आणलं!

१९५० सालीच पोप बारावे पायस यांनी लिहिलंय, की शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का हे शोधायला हरकत नाही, आत्मा मात्र थेट देवाकडून. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल उत्क्रांतीला नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक म्हणाले. हिब्रूत 'आदाम' म्हणजे माणूस, 'आदामा' म्हणजे जमीन. सकाळची राख तेच तर सांगत होती.

इथवर माझं मन स्वच्छ आहे. अडतं ते पुढे. माणसांमधली जनुकीय विविधता पाहता आपले पूर्वज फक्त दोघे नव्हते, हजारो होते, असं शास्त्र म्हणतं. आणि पायस नेमके तिथेच थांबले होते. पहिले आईबाप अनेक मानले तर मूळ पापाच्या, म्हणजे आदामाचं पाप सगळ्या माणसांत उतरलं या, शिकवणीशी मेळ कसा बसेल ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. पण जीवाश्म म्हणजे मरणच की, माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीचं!

पाप मला स्वतःत रोज दिसतं. ते दोघांकडून आलं की हजारोंकडून, मला सांगता येत नाही. लेकीला तसंच सांगितलं.

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"नाही बाळा."

जरा वेळाने तिने बायबल काढलं, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला, पेन्सिलीने खूण केली. रविवारी फादरांना विचारणार आहे म्हणते. मीही बरोबर जाईन.