शिवणाचा तास, वीजकामाचा तास

बडोद्याच्या आमच्या शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेने मला काय दिले' असा विषय सुचवला होता. संस्कार, शिस्त, पाठांतर आणि स्नेहसंमेलन यांविषयी माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत, त्यामुळे तो भाग मी त्यांच्यावर सोपवते. मुलगी म्हणून रोज थोडे थोडे डावलले जाणे आणि 'मुलासारखा नसलेला' मुलगा म्हणून रोज थोडे थोडे हिणवले जाणे, या दोन गोष्टी आमच्या वर्गात शेजारी शेजारी चालत असत. त्यांना कोणी अन्याय म्हणत नसे. ती रीतच होती. त्या रीतीला अडवता येते हेही मी याच इमारतीत पाहिले, म्हणून हा लेख.

आमची तुकडी १९९० साली दहावी झाली. हजेरीपटात आधी सगळी मुले आणि त्यांच्या खाली मुली, अशी क्रमांकांची मांडणी असे. तपासणीला अधिकारी यायचे असले की मुलींनी रांगोळी काढायची, पाहुण्यांना पाणी द्यायचे, चहाचे कप विसळायचे. मुलांनी बाके हलवायची आणि मैदानावर जायचे. बाके दहा मिनिटांत हलत आणि कपबशा पुढचा तास खाऊन टाकत, हा हिशेब आमच्यापैकी प्रत्येकीला कळत होता, पण तो मोठ्याने कोणी मांडत नसे. गणितात मुलीला चांगले गुण पडले तर 'घोकले असेल' आणि मुलाला कमी पडले तर 'डोके आहे, पण खेळात लक्ष', ही वाक्ये इतक्या मायेने उच्चारली जात की त्यांना हरकत घेणे म्हणजे उद्धटपणाच वाटावा.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या संमतीने लिहीत आहे, नाव मात्र देत नाही. त्याचा आवाज बारीक होता, चालताना हात जरा हलत आणि कबड्डीपेक्षा चित्रकलेत त्याला रस होता. एवढ्या भांडवलावर त्याला 'बायल्या' हे नाव पडले आणि पुढे त्याहून घाणेरडी नावेही पडली. त्याच्या सायकलच्या नळीतला वॉल्व्ह आठवड्यातून एकदा तरी गायब होई. ज्या घरांत बालगंधर्वांच्या शालूचे आणि पदर सावरण्याच्या लकबीचे कौतुक दिवाणखान्यात बसून केले जाई, त्याच घरांतली मुले शाळा सुटल्यावर सुरसागर तलावापर्यंत त्याच्या चालण्याची नक्कल करत त्याच्यामागून जात. नक्कल करणारे दोघे-तिघेच असत, पण हसणारे तीस असत.

आठवीत आम्हाला भूगोलाच्या ज्या बाई वर्गशिक्षिका म्हणून आल्या, त्या बडोद्यात नवीन होत्या. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना वीजकाम, ही वाटणी शाळेच्या स्थापनेपासून चालत आली असावी. बाईंनी पहिल्याच महिन्यात फलकावर एक कागद लावला: दिवाळीपर्यंत अर्ध्या वर्गाला शिवण, अर्ध्या वर्गाला वीजकाम, दिवाळीनंतर उलट, आणि अर्धा वर्ग म्हणजे हजेरीपटावरचे सम आणि विषम क्रमांक. यावर भाषण नाही, चर्चा नाही. आमच्या पी.टी.च्या सरांनी वर्गाच्या दारात उभे राहून विचारले, "काय बाई, आमच्या पोरांना बांगड्या भरणार का?" बाई हजेरी घेता घेता म्हणाल्या, "नाही सर, स्वतःच्या शर्टाला बटण लावायला शिकवणार." सरांच्या शर्टाचे वरून दुसरे बटण त्या दिवशी खरोखरच तुटलेले होते, आणि ते सगळ्या वर्गाला दिसले.

मला वीजकाम आधी आले. चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज हातात घेऊन जळलेली तार काढायची, नवी तार दोन्ही स्क्रूंभोवती गुंडाळायची, फार ताणायची नाही, आणि जाड तार तर कधीही घालायची नाही, कारण मग फ्यूज जात नाही, भिंतीतली वायर जळते. हे शिकल्यावर घरचा फ्यूज गेला तेव्हा मी मेन स्विच बंद करून स्टुलावर चढले, आणि शेजारचे काका येईपर्यंत अंधारात बसण्याची आमच्या घरातली प्रथा त्या दिवशी बंद पडली. आमच्या या मित्राच्या वाट्याला शिवण आधी आले. त्याने केलेली बटणांची काजे इतकी एकसारखी होती की प्रदर्शनात ती काचेखाली ठेवली गेली.

बाईंची दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. एकदा तो फळ्याकडे जात असताना मागच्या बाकावरून त्याच्या चालण्यावर एक शेरा आला आणि वर्ग हसला. बाईंनी शेरा मारणाऱ्याला उभे केले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला कळले नाही. यात हसण्यासारखे काय आहे, ते नीट समजावून सांग." तो मुलगा गप्प. "सांग ना, वर्ग हसला म्हणजे सगळ्यांना कळले आहे, मीच मागे राहिले." तो घामाघूम झाला, कारण समजावून सांगायचे तर जे मनात होते ते उघड शब्दांत म्हणावे लागले असते. "बस. सांगता येईल तेव्हा उभा राहा," एवढे म्हणून त्यांनी मान्सूनचे वारे पुढे शिकवायला घेतले. त्यामुळे सायकलचे वॉल्व्ह जायचे थांबले असे नाही. फाटकाबाहेर सगळे तसेच चालू राहिले. पण बाईंच्या वर्गात त्याला हसणे बंद झाले, आणि दिवसातला एक तास कोणी आपल्याला हसणार नाही हे ठाऊक असणे म्हणजे काय, हे त्याने मला अलीकडेच सांगितले.

बडोदेकरांना आपल्या शहराच्या पुरोगामीपणाचा अभिमान आहे, आणि तो अस्थानी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानात मुलगे आणि मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई होत्या. आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांनी येथे येण्याच्या आदल्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' जन्मतः समान आहेत अशा अर्थाची रचना बदलून तेथे 'सर्व माणसे' घालायला लावली होती. पण याच संस्थानात १९१७ मध्ये, महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, हेही बडोद्याच्याच इतिहासात आहे. दरबारातून हुकूम निघतो, घरमालकाच्या उंबऱ्यावर तो अडतो. जातीचे दुःख आणि मी येथे लिहीत असलेले दुःख एका मापाने मोजता येणार नाही, याची मला जाणीव आहे. उंबरा मात्र मला ओळखीचा वाटतो.

मी कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत, रसायन अभियांत्रिकी शिकले. नंदेसरीच्या बाजूच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले असता अधिकाऱ्यांनी कायद्याचे पुस्तकच पुढे केले: १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ६६, बायकांना सायंकाळी सात ते सकाळी सहा काम देता येत नाही, म्हणजे पाळीची नोकरी देता येत नाही, म्हणजे नोकरीच देता येत नाही. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी दिवसपाळीत रुजू झाले, तर तिथे प्रकल्पाच्या आवारात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते आणि कार्यालयापर्यंत चालत जावे लागे. त्याच कायद्याचे कलम १९ स्त्री-पुरुषांसाठी वेगळी सोय सक्तीची करत होते. बायकांना रोखणारे कलम सगळ्यांना तोंडपाठ आणि बायकांना सोय देणारे कलम कोणाला ठाऊक नाही, असा प्रकार मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिला. बैठकीत कोणी "मॅडम, जरा चहाचं बघता का?" म्हणाले की मी बाईंचाच प्रश्न विचारत असे: "चहाचे मीच का बघायचे, ते मला समजावून सांगाल का?" पहिल्यांदा विचारले तेव्हा दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही, तिसऱ्या दिवशी शिपायाला घंटी गेली. स्वच्छतागृहाला मात्र दीड वर्ष आणि अनेक अर्ज लागले.

माझा मित्र वाणिज्य शाखेत गेला आणि आज कर सल्लागार आहे. १९९० च्या १७ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली. ती बातमी त्याच्या घरी काही पोहोचली नाही. त्यानंतर चार वर्षांनी त्याला एका डॉक्टरांकडे नेण्यात आले, आणि डॉक्टरांनी 'लग्न करून टाका, सगळे सुरळीत होईल' हा सल्ला दिला. या सल्ल्यापाशी मला थांबावेसे वाटते, कारण मी ज्या दोन गोष्टींविषयी लिहीत आहे त्या येथे एक होतात. मुलाला 'सुधारण्या'साठी ज्या मुलीशी त्याचे लग्न लावायचे ठरते, तिला कोणी विचारलेले नसते; ती औषधाची बाटली असते. तो नकार देऊन उभा राहिला तेव्हा नातेवाइकांनी त्याला स्वार्थी ठरवले. त्याच्यामुळे एक मुलगी आयुष्यभराच्या फसवणुकीतून वाचली, हे एकाच्याही मनात आले नाही. बायकी म्हणून पुरुषाला हिणवण्यात बाई असणे हलके आहे हे आधीच गृहीत धरलेले असते. त्यामुळे त्याच्यासाठी बोलताना मी परोपकार करत होते असे मला कधी वाटले नाही.

आपल्यासारखे आणखी कोणी या शहरात आहे, हे त्याला भूपेन खख्खर यांच्या चित्रांतून समजले. खख्खर बडोद्यातच राहत, हिशेबनिसाची नोकरी करत आणि चित्रे काढत. पुरुषांचे परस्परांवरील प्रेम त्यांनी १९८० च्या दशकात उघडपणे रंगवले, आणि १९८४ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. 'हिशेब करणारा माणूसही असा असू शकतो,' हे त्या चित्रांपुढे उभे राहून आपल्याला सुचले, असे तो हसत सांगतो. २००६ मध्ये जवळच्याच राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा तेथे त्यांचे पुतळे जाळले गेले, आणि ती बातमी आमच्या ओळखीच्या घरांत चवीने वाचली गेली. त्या आठवड्यात त्याने कार्यालय बंद ठेवले होते.

पुढचा न्यायालयीन प्रवास वाचकांना ठाऊक असेल. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० पासूनचे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने ती तरतूद तेवढ्यापुरती एकमताने रद्दबातल केली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाला मान्यता मात्र मिळाली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की माझा मित्र आणि त्याचा जोडीदार अनेक वर्षे एकत्र राहतात, पण भाडेकरारावर ते 'मावसभाऊ' आहेत, कारण खरे सांगितले तेव्हा दोन घरे हातची गेली. एकाला रुग्णालयात दाखल करावे लागले तर दुसऱ्याने कागदावर नाते काय लिहायचे, हा प्रश्न त्यांना पडतोच. एकट्या बाईला घर देताना 'कोण येतं-जातं' हे विचारणारे घरमालक आणि यांना घर नाकारणारे घरमालक बहुतेक वेळा एकच असतात, हा माझाही अनुभव आहे.

आमच्या तुकडीची भेट दरवर्षी होते. सेव-उसळ असते, जुन्या खोड्या निघतात, आणि मग बायकांवरचे विनोद आणि 'तसल्या' लोकांवरचे विनोद सुरू होतात. सांगणारे सद्गृहस्थ असतात, मुलींचे बाप असतात. एका वर्षी असाच एक विनोद झाला, तेव्हा मी विचारले, "मला कळले नाही, समजावून सांग." गंमत होती गं, मनाला काय लावून घेतेस, शाळेच्या कार्यक्रमात राजकारण कशाला, हे सगळे ऐकून झाले. रात्री मात्र तिघांचे वेगवेगळे फोन आले की तू म्हणालीस ते अगदी बरोबर होते. खाजगीत पाठिंबा देणारे नेहमीच पुष्कळ असतात. तेच तीन जण त्या वेळी नुसते गप्प राहण्याऐवजी "हो, मलाही नाही कळले," एवढे म्हणाले असते तरी विनोद तिथेच संपला असता. पुढच्या वर्षी त्यांच्यातला एक जण खरोखरच म्हणाला. तो पूर्वी सायकलचे वॉल्व्ह काढणाऱ्यांपैकी होता, हे येथे नोंदवायला हरकत नाही. त्यानेच तसे सांगितले आहे.

हजेरीपट आता आडनावांच्या वर्णानुक्रमाने असतो, असे मुख्याध्यापिकाबाईंकडून कळले. शिवण आणि वीजकाम हे दोन्ही तास मात्र वेळापत्रकातूनच गेले आहेत, हे ऐकून वाईट वाटले. ते पुन्हा सुरू करायचे असतील तर शिलाई यंत्रे आणि वीजकामाचे साहित्य देण्याची आमच्या तुकडीची तयारी आहे. शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणात चिडवण्याचा विषय यावा, आणि त्यात मुलाच्या चालीवरून, आवाजावरून होणारे चिडवणे स्पष्ट शब्दांत घ्यावे, असे पत्रही आम्ही संस्थेला दिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

महोत्सवाच्या नोंदणी अर्जात 'पती/पत्नीचे नाव' असा रकाना होता. विधवा, घटस्फोटित, अविवाहित आणि माझ्या मित्रासारख्या माजी विद्यार्थ्यांनी तेथे काय लिहावे, असे मी समितीला विचारले. समितीने फार वाद न घालता रकाना बदलून 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव' असा केला, आणि त्यानंतर आमच्या तुकडीतल्या ज्यांनी नोंदणी केली नव्हती अशा बऱ्याच जणांनी अर्ज भरले. त्यांत दोघी बहिणी-बहिणी म्हणून, एक जण वृद्ध आईसह, आणि माझा मित्र आपल्या जोडीदारासह, खऱ्या नावाने येणार आहे. भोजन समितीने दुसऱ्या दिवशीच्या पानांचा आकडा तेवढा वाढवून धरावा.