खारपाणपट्ट्यात शेततळं: पोकराच्या अर्जाचा माझा अनुभव

आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. इथं विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारं. पिकाला दिलं की जमीन आणखी चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट आणि नापीक होते. खरिपात कपाशी, तूर आणि परतीचा पाऊस चांगला झाला तर हरभरा, एवढीच आमची शेती. राज्यातला कुठला भाग विकासात किती मागे पडला, म्हणजे त्याचा अनुशेष, मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा. तेव्हापासून विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा घरात ऐकत आलो, बांधावर मात्र काही पोचलं नव्हतं.

२०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुरू झाला. सुमारे ४,००० कोटींचा खर्च, त्यात ७० टक्के वाटा बँकेचा. १५ जिल्ह्यांतल्या गावांत खारपाणपट्ट्यातली ९३२ गावं धरली होती आणि आमचं गाव त्यात आलं.

पावसाचं गोडं पाणी साठवता यावं म्हणून मी शेततळ्यासाठी अर्ज भरला. ऑनलाइन नोंदणी पटकन झाली. घोडं अडलं सातबाऱ्यावर. खातं सामाईक, काका पुण्यात, आत्या सुरतेला. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करण्यात एक अख्खा हंगाम गेला. ज्यांची वाटणी झालेली नाही त्यांनी अर्जाआधीच हे काम उरकावं. मग गावच्या कृषी संजीवनी समितीची मंजुरी, जागेची पाहणी, पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायची परवानगी. पूर्वसंमती हातात येईपर्यंत मशीन लावायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

खोदाई झाल्यावर मोजणी. टेप धरून वरची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी, खोली, सगळं लिहिलं गेलं. फोटो जागेच्या नोंदीसह चढवायचा होता आणि रेंज मिळेना; शेवटी मातीच्या ढिगावर चढलो तेव्हा तो गेला.

अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात आलं, मधे कुणाचा हात नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडली. पण खोदाईचे पैसे आधी खिशातून घालावे लागतात. मला मेव्हण्यानं उसने दिले. शेजारच्या काकूंना पूर्वसंमती मिळाली होती, पैसे उभे राहिले नाहीत, त्यांचं तळं राहून गेलं. मागास भागासाठी आलेला पैसा गावातल्या सगळ्यात अडलेल्या माणसाला वळसा घालून जात असेल, तर नियम बदलायला हवा.

हरभऱ्याला आता फुलोऱ्यात पाणी देता येतं. समितीच्या बैठकीत मी मागणी मांडली आहे: अल्पभूधारकांच्या बाबतीत मोजणी झाली की मशीनवाल्याचे पैसे परस्पर त्याच्याच खात्यात जमा करा. ठराव लिहून वर पाठवलाय.