उसुई घाटाचा लेआउट : चढ पूर्ण, विटांचा पूल सुरू

जपानच्या शिनेत्सू मार्गावरील योकोकावा ते कारुइझावा हा ११.२ किलोमीटरचा उसुई घाट मी रेल्वे मॉडेलच्या रूपात १:१५० प्रमाणात उभारत आहे आणि त्याच्या चढाचे काम आता पूर्ण झाले आहे. कुळे ते कॅसल रॉक घाटात मागून रेटणारी बँकर इंजिने आपल्या भागातील बहुतेक रेल्वेप्रेमींनी पाहिली असतील. तिथे ३७ फुटांना १ फूट चढ आहे. उसुईला तो १५ फुटांना १ फूट होता. १८९३ पासून तिथे दातेरी रुळांचा आधार घेतला जाई, १९६३ नंतर गाड्या केवळ चाकांच्या पकडीवर चढू लागल्या आणि १९९७ मध्ये हा घाटमार्ग बंद झाला.

एवढा तीव्र चढ एन गेजवर (९ मिलिमीटर रुंदीच्या छोट्या मॉडेल रुळांवर) मी घेतलेला नाही. मी चार टक्क्यांचा चढ ठेवला असून ५० मिलिमीटर उंची गाठण्यासाठी १२५० मिलिमीटर लांबी दिली आहे, कारण वळणावर गाडीला होणारा विरोध आणखी वाढतो. चढाच्या आकड्यापेक्षा बँकरची पद्धत अचूक दाखवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाडी वर जाणारी असो वा खाली येणारी, ईएफ ६३ जातीची दोन इंजिने नेहमी योकोकावाच्या बाजूलाच जोडली जात. चढताना ती रेटत आणि उतरताना रोखून धरत.

खरी अडचण वेग जुळवण्याची आहे. 'आसामा' या एक्सप्रेस गाडीसाठी वापरल्या जाणाऱ्या १८९ मालिकेच्या विद्युत गाडीच्या मॉडेलमध्ये एका डब्यात मोटर असते आणि मागून येणारे इंजिन तिच्यापेक्षा वेगवान निघाले, तर मधले डबे दाबले जाऊन वळणावर रुळावरून उतरतात. हा प्रश्न खऱ्या घाटातही होता. साध्या विद्युत गाड्यांना आठ डब्यांची मर्यादा होती. १८९ सारख्या मालिकांच्या मोटरी ईएफ ६३ च्या चालकाकडूनच नियंत्रित होऊ लागल्यावर बारा डबे नेता येऊ लागले. मी प्रत्येक मोटर सपाट रुळावर एकाच व्होल्टेजला स्वतंत्र चालवून वेळ मोजतो आणि इंजिने किंचित मंद असलेलीच निवडतो. त्यामुळे चढताना जोडण्या ताणलेल्या राहतात. उतरताना मात्र वेग कमीच ठेवावा लागतो.

चार कमानींचा विटांचा पूल सध्या हाती आहे. मूळ पूल ९१ मीटर लांब आणि ३१ मीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे ६०७ आणि २०७ मिलिमीटर. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी पॅटर्न बनवणाऱ्या एका कारागिराकडून कमानींचे साचे कापून घेतले. गोलाई इतकी नेमकी आली आहे, की त्यांच्या हाताचे कौतुक करावे तेवढे थोडे. हा पूल जुन्या दातेरी मार्गावरचा असल्याने ईएफ ६३ त्यावरून जाणार नाही. तो रूळ काढलेल्या अवस्थेत, चालत्या मार्गाच्या शेजारी उभा राहील.

जमिनीसाठी खानापूरची तांबडी माती हाताशी असली, तरी ती इथे शोभणार नाही. त्या दाट जंगलाला काळपट तपकिरी रंगच हवा. इथल्या पावसाळ्याचा विचार करून प्लायवूडच्या कडा रंगाने बंद केल्या आहेत.

यानंतर योकोकावाचा फलाट येईल. इंजिने जोडण्यासाठी गाडी थांबली, की तिथे मातीच्या भांड्यातला कामामेशी भात विकला जाई. ते विक्रेते फलाटावर असलेच पाहिजेत, म्हणून त्यांच्या मूर्ती आधी रंगवायला घेणार आहे.