कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, माझा अनुभव

ज्युनिअर पोरं सारखी विचारतायत की कॉन्फरन्सला पोस्टर द्यावं (काम मोठ्या कागदावर लावून शेजारी उभं राहायचं) का ओरल (सगळ्यांसमोर बोलायचं), म्हणून एकदाच लिहून टाकते. मी सोलापुरात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते आणि विषयही इथलाच, म्हणजे डाय हाऊसमध्ये सूत रंगवल्यावर जे रंगीत पाणी निघतं त्यातला अझो डाय (दोन नायट्रोजन अणूंचा अझो बंध असलेला रंग) बुरशीच्या लॅकेज एन्झाइमनं तोडायचा. कॉन्फरन्सही गावातलीच होती, त्यामुळे राहायचा खर्च वाचला.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, 250 शब्दांत मागितलं होतं. गाईड मॅडमनी पहिला पॅरा सरळ उडवला, म्हणाल्या कापड रंगवल्यानं पाणी खराब होतं हे सोलापुरात कुणाला सांगतेस? खरंय ना. आणि शेवटी "निष्कर्षांवर चर्चा केली जाईल" असलं काही लिहू नका बाबांनो, आकडा हातात असेल तर आकडा द्या. ओरलला 8 मिनिटं बोलायला आणि 2 मिनिटं प्रश्नांना होती, मी पोस्टरच घेतलं कारण तिथं माणूस थांबतो, वाद घालतो, ओरलला घंटी वाजली की विषय खलास.

प्रिंटिंगचं ऐका. साइज ए झिरो, 841 बाय 1189 मिलिमीटर, उभं. फ्लेक्सवाल्याकडे गेले तर आधी वाढदिवसाच्या बॅनरची लाईन, कुणा भावी नगरसेवकाचं काम चालू, आणि दादा माझी फाईल बघून विचारतात, "ताई, फोटो कुठं टाकायचा?" त्यांना म्हटलं फोटो नको, फक्त चकचकीत मटेरियल नको, कारण वरून ट्यूबलाईट पडली की ग्राफ दिसतच नाही. फाईल पीडीएफच द्या, पीपीटी नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि मायक्रोचं चिन्ह गायब होतं, मग मायक्रोमोलरचं नुसतं मोलर, म्हणजे दहा लाख पट फरक! लॅकेजचं युनिटच मिनिटाला एक मायक्रोमोल असं मोजतात, तिथं ते चिन्ह गेलं तर राहिलं काय. आणि 1883 साली योशिदांनी जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात हे एन्झाइम पाहिलं वगैरे इतिहासाला पोस्टरवर जागा देऊ नका, कुणी विचारलं तर तोंडी सांगा.

आता खरा भाग, जज. पहिलेच सर आले, दोन मिनिटं नुसतं वाचलं आणि म्हणाले, "रंग गेला हे दिसतंय, पण तुटला कशावरून? बुरशीनं शोषून घेतला असेल." डायवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न येणारच, लिहून ठेवा. मी ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं, मारलेल्या बुरशीचा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) दाखवला, तर लगेच पुढचा बाण, मेलेली बुरशी कधीकधी जिवंतपेक्षा जास्त रंग ओढते, त्याचं काय? मग मी स्पेक्ट्रमवर आले, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्या ग्राफवर. नुसता चिकटला असेल तर सगळे पीक साधारण एकाच प्रमाणात खाली येतात, तुटला असेल तर दिसणाऱ्या पट्ट्यातला पीक जातो आणि 200 ते 300 नॅनोमीटरकडे आकार बदलतो, नवीन काहीतरी उगवतं. शिवाय बुरशीचे गोळे शेवटपर्यंत पांढरेच होते, त्याचा फोटो खाली कोपऱ्यात होता, सर चक्क वाकून बघायला लागले. तिथं माझा जीव भांड्यात पडला.

गंमत म्हणजे शेजारी केमिस्ट्रीचा एक मुलगा झिंक ऑक्साइड आणि मिथिलिन ब्लू घेऊन उभा (झिंक ऑक्साइड हा कॅटॅलिस्ट घालून उजेडात मिथिलिन ब्लू हा डाय तोडायचा), त्यालाही तसाच प्रश्न, डाय कॅटॅलिस्टनंच तुटला कशावरून: दिवा लावायच्या आधी अंधारात किती वेळ ठेवलं होतं, आणि कॅटॅलिस्ट न घालता नुसत्या उजेडात डाय किती फिका पडला? बेणं तयारीचं होतं, दोन्ही ग्राफ काढून दाखवले.

दुसऱ्या जज मॅडम टॉक्सिसिटीवर, म्हणजे विषारीपणावर आल्या. अझो बंध रिडक्शननं तुटला की अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाचे तुकडे सुटतात, त्यातली काही कॅन्सरकारक, म्हणजे पाणी पांढरं झालं तरी ते बरं झालं असं नाही. मी म्हटलं लॅकेज ऑक्सिडेशन करतं, त्यातले तांब्याचे चार अणू इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे पोचवतात आणि ऑक्सिजनचं पाणी होतं, त्यामुळे त्या वाटेनं अमाइन्स कमी. "कमी म्हणजे शून्य का?" नाही म्हटलं. मालदांडी ज्वारीच्या बियांची उगवण दाखवली, प्रक्रिया केलेल्या पाण्यात मुळं जास्त लांब आली होती, पण तुकडे नेमके कुठले हे मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखायची चाचणी) सांगता येत नाही आणि ते सॅम्पल बाहेर पाठवलेलं, रिपोर्ट यायचाय. तेवढंच सांगितलं, पुढं काही जोडलं नाही, मॅडमनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, बाहेरगावचे लोक पोस्टरपेक्षा चटणी कुठं मिळते हेच जास्त विचारत होते.

बक्षीस त्या झिंक ऑक्साइडवाल्याला गेलं, आणि बरोबर गेलं. रिपोर्ट आला की पुढच्या वेळी ओरलला नाव देणार, फक्त 8 मिनिटांत अमाइन्सचा भाग बसवायचा तर इंट्रोच्या स्लाइड कापाव्या लागतील, सध्या मॅडमशी त्यावरूनच घासाघीस चालूय.