‘कर्ज फिटलंय ना हो आमचं?’

ठाण्याच्या आमच्या सीए ऑफिसात जुन्या शेअरची प्रकरणं माझ्या टेबलावर येतात. लोक येतात तेच मुळी ‘किती मिळतील?’ विचारत. डोंबिवलीच्या काकूंनी मात्र पिशवीतून एक कागद काढला आणि हळूच विचारलं, ‘‘कर्ज फिटलंय ना हो आमचं?’’

कागद एचडीएफसीचा, बँकेचा नव्हे, गृहकर्ज देणाऱ्या मूळ कंपनीचा. काकांनी फ्लॅटसाठी तिथूनच कर्ज काढलं होतं. ते फिटलं, करारनामाही परत आला. काका गेल्यावर त्याच पिशवीत हा कागद निघाला. नाव तेच, शिक्का, सह्या. काकूंनी तो कर्जाचाच धरला आणि धास्तीनं मुलालासुद्धा दाखवला नाही. होतं ते २५० शेअरचं सर्टिफिकेट. पहिलं नाव काकांचं, दुसरं काकूंचं. पाकिटामागे पेन्सिलीनं ‘५० × ५’ लिहिलेलं. २०१० मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, त्याचा हा हिशोब. काका पक्के कारकून असणार.

‘‘पण ती कंपनी बंद पडली म्हणे?’’

बंद पडली नव्हती. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी ती १९७७ मध्ये मुंबईत काढली. घर बांधायचं ते निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून, अशी तेव्हाची रीत. पगारदाराला उमेदीतच कर्ज देणारी कंपनी लोकांना पटेना. १९७८चा पब्लिक इश्यू पूर्ण भरलासुद्धा नाही. १९९४ मध्ये याच कंपनीनं बँक काढली. बँकेला बचत खात्यातला पैसा स्वस्तात मिळतो, गृहकर्ज कंपनीला मात्र ठेवी आणि रोख्यांवर जास्त व्याज मोजावं लागतं. शिवाय दोघींचे नियमही जवळ येत चालले होते. शेवटी १ जुलै २०२३ला कंपनी बँकेत विलीन झाली, लेकीनंच आईला घरात घेतलं. जुन्या २५ शेअरला बँकेचे ४२, म्हणजे काकूंचे ४२०.

जॉइंट नाव होतं म्हणून निभावलं, नाहीतर वारसाच्या दाखल्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती. मी आधी पासबुक मागितलं. सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर सरकारी फंडात जातात. काकांच्या जॉइंट खात्यात तो दरवर्षी जमा होत होता. काकूंना वाटे, व्याज आहे. मग काकांचं नाव कमी करण्याचा अर्ज, डीमॅट खातं (कागदाऐवजी संगणकावर शेअर ठेवायचं) आणि सगळ्यात चिवट भानगड म्हणजे सही. काकूंचा हात आता थरथरतो, जुनी सही जुळेना. बँक मॅनेजरसमोर नव्यानं सही करून ती साक्षांकित करून घेतली. शेअर खात्यात आले.

ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेनं एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे आणखी एक फुकट. काकूंचा फोन आला : ‘‘अहो, काहीतरी घोळ झालाय. ८४० दिसतायत. जास्तीचे परत करायला कुठे जायचं?’’